१/४८ मिग-२१ बिस: रेझिन कॉकपिट आत ठेवलं की फ्युजलाज मिटत नाही

शिवडी_बगळा

नमस्कार मंडळी. मिग-२१ बिस विमानाच्या १/४८ मापाच्या प्लास्टिक मॉडेल किटमध्ये वेगळं घेतलेलं रेझिनचं (ओतीव राळेचं) कॉकपिट घालायचं चाललंय. सेटमध्ये टब (कॉकपिटचा तळ), दोन बाजूच्या भिंती, मागचा बल्कहेड (आडवी भिंत), केएम-१ इजेक्शन सीट, पॅनेलवरचं हुड (झापड), पितळी फोटोएच (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याचं) पॅनेल आणि त्यामागे लावायची डायलची फिल्म आहे.

टबखालचा ओतीव ठोकळा कापून झाला. ड्राय फिटला, म्हणजे गोंद न लावता जुळवून बघताना, फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) दोन्ही बाजू टेपने आवळल्या तरी पाठीवर, कॅनोपीच्या मागे, साधारण १.५ मिमी फट राहते. खाली पुढच्या चाकाच्या खणाशी १ मिमी. जोर लावला की मिटते, सोडली की उघडते.

तीन गोष्टी हव्यात:
१. रेझिन घासू की किटचं प्लास्टिक?
२. पावसाळ्यात सुपर ग्लू चालेल का? टाकाऊ तुकड्यावर लावून बघितला तर सांध्याभोवती पांढरी बुरशीसारखी झाक आली.
३. कॉकपिटचा तो हिरवा-निळा रंग कसा जमवायचा? मॉडेल २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिलेल्या विमानांसारखं करायचंय.

पाणीपेपर

जोर लावून मिटवू नका. आत ताण राहिला की सांधा आज धरतो आणि दोन महिन्यांनी, रंग चढल्यावर, पाठीवर केसासारखी चीर येते.

आधी प्लास्टिक, मग रेझिन. रेझिनच्या भिंतीवर स्विच, पेट्या, वायरी ओतलेल्या असतात आणि मागून ती मुळातच पातळ असते. तिथं अर्धा मिलिमीटर घासलंत तर भोकच पडेल. किटचं प्लास्टिक १ ते १.२ मिमी जाड भरतं. रेझिनची भिंत जिथवर खाली येते तेवढ्या भागात ते आतून ०.४-०.५ मिमीपर्यंत उतरवा. दोन्ही बाजू मिळून १.२ ते १.४ मिमी जागा होते, म्हणजे तुमची वरची फट बहुतेक तिथेच संपते.

मिनी ग्राइंडर वापरणार असाल तर सगळ्यात कमी वेगावर आणि एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नको. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, तापलं की वितळून बिटला चिकटतं आणि बाहेरच्या अंगाला फुगवटा येतो, तो प्रायमर मारल्यावरच दिसतो. माझं मत विचाराल तर ग्राइंडर ठेवून द्या. औषधांच्या दुकानात १० नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं, त्याचं पोट गोल असतं. ते आडवं धरून आपल्याकडे ओढत खरवडा. खोबऱ्याच्या किसासारखे पातळ पापुद्रे निघायला हवेत. भुकटी पडत असेल तर धार गेली, पातं बदला.

किती झालं हे उजेडावर बघायचं. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च आतून टेकवा आणि बाहेरून पाहा. आधी नुसती मंद झाक दिसते. मग पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्याची कोरलेली रेघ) बाकीच्या भागाआधी उजळते, कारण खाचेमुळे तिथं प्लास्टिक आधीच कमी असतं. ती रेघ उजळली की त्या भागात थांबायचं. तुमचा कॅलिपर आत पोचत नाही तिथं हाच भरवशाचा मापक. कॉकपिटच्या कडेचा वरचा १ मिमी काठ अगदी शेवटी घ्या. तो आधीच पातळ केला तर हाताळताना चिमटतो.

आता खालची फट. ठोकळा कापलात, पण टबचा तळ किती जाड राहिलाय? टबच्या थेट खाली पुढच्या चाकाच्या खणाचं छत येतं. तळ १ मिमी उरला असेल तर खण खाली ढकलला जातो, आपल्या खाचेत बसत नाही आणि पोटाकडे बाजू फाकतात. तळ ०.३ मिमीपर्यंत, जवळजवळ कागदाइतका आणावा लागतो.

काचेच्या तुकड्यावर ३२० चा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. तळावर पेन्सिलीने चौकटी आखा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासा आणि दर वीस फेऱ्यांनी टब उलट्या दिशेने धरा. असं केलं नाही तर बोटांचा दाब एकाच बाजूला पडतो आणि तळ उतरता होतो, मग पॅनेल तिरकं दिसतं. रेघा एका बाजूच्या गेल्या आणि दुसऱ्या राहिल्या तर लगेच कळतं. उजेडासमोर धरल्यावर तळ दुधी दिसायला लागला की ६०० चा पेपर घ्या. सगळं ओलंच घासा, तोंडाला एन-९५ लावा. रेझिनची धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नये.

सीटचा आणि बारीक भागांचा ठोकळा अजून कापला नसेल तर झवेरी बाजारात सोनारांच्या हत्यारांची दुकानं आहेत, तिथं करवतीची बारीक पाती मिळतात. भागाला लागून कापू नका, ठोकळ्याच्या बाजूने अर्धा मिलिमीटर सोडा आणि उरलेलं पेपरने काढा.

ओझर७७

पाणीपेपर यांनी सांगितलंय ते बरोबर. मिग-२१ च्या बाबतीत जागेची ओढाताण जास्त का, हेही ध्यानात घ्या. हवा नाकातून आत येते आणि कॉकपिटच्या दोन्ही अंगांनी मागे इंजिनाकडे जाते. खाली चाकाचा खण. खऱ्या विमानातही वैमानिक त्या नळीच्या बेचक्यातच बसलेला असतो. तुमच्या किटमध्ये हवेच्या नळीच्या भिंती दिल्या असतील तर टबला अडणारा भाग निःशंक कापा. पुढून, नाकातल्या शंकूच्या कडेने बघितलं तरी इतक्या आतलं दिसत नाही.

पण त्याआधी एक महत्त्वाचं. चंदीगडला निरोप दिला ती बायसन होती. बायसन ही बिसचीच सुधारित आवृत्ती, पण तिच्या कॉकपिटमध्ये हुडावर एचयूडी (वैमानिकाच्या नजरेसमोर काचेवर माहिती दाखवणारं यंत्र) आणि पॅनेलवर डिस्प्ले आहे, शिवाय पुढची काच एकसंध आहे. बिसच्या काचेला चौकटीच्या पट्ट्या असतात. तुमचा सेट साध्या बिसचा आहे. बायसनच करायची तर पॅनेल, हुड आणि विंडस्क्रीन तिन्ही बदलावं लागेल. हा सेट वापरायचा असेल तर सुधारणा होण्याआधीचं भारतीय बिस निवडा, सगळं जुळेल.

हा सेट एफएलमध्येही (मिग-२१ चा आधीचा प्रकार) टाकता येईल असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ओझरला एचएएलने एफएल, एम आणि बिस तिन्ही बनवली, पण एफएलला जुनी एसके सीट आहे आणि कॅनोपी पुढच्या बाजूला उघडते. इजेक्ट होताना तीच कॅनोपी वैमानिकापुढे ढालीसारखी राहायची. बिसला केएम-१ सीट आणि कॅनोपी उजवीकडे कलंडणारी. म्हणून कॅनोपी उघडी दाखवणार असाल तर बिजागरं उजव्या काठावर हवीत.

रंग. सोव्हिएत कॉकपिटसाठी तयार बाटली मिळते. ती नसेल तर निळा, हिरवा आणि पांढरा मिसळून करा, पण निळ्याकडे फार झुकू देऊ नका. मिश्रणात दहाला एक भाग पांढरा जास्त घाला. एवढ्या लहान मापावर आणि बंद खोबणीत मूळ छटा गडद दिसते. आधी काळा प्रायमर पूर्ण मारा, मग हा रंग वरून, साधारण ४५ अंशांतून फवारा. कोपऱ्यांत काळं राहतं ते राहू द्या, सावली आयती मिळते. मग ग्लॉस वार्निश, त्यावर गडद तपकिरी ऑइल कलरचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला वॉश आणि शेवटी मॅट.

पॅनेलच्या मधोमध वरून खाली जाणारी पांढरी पट्टी विसरू नका. विमान स्पिनमध्ये गेलं की स्टिक मधोमध आणायची असते, आणि गरगरताना मध्य कुठे हे डोळ्यांना कळावं म्हणून ती पट्टी रंगवलेली. ब्रशने ओढाल तर थरथरते. पांढऱ्या डेकलमधून (पाण्याने सुटणाऱ्या स्टिकरमधून) नव्या ब्लेडने बारीक पट्टी कापून लावा. डायलच्या फिल्मला मागून पांढरा रंग द्यायचा, तरच आकडे उठून दिसतात. काळा दिला तर सगळे डायल विझल्यासारखे होतात. पॅनेल चिकटवून झालं की प्रत्येक डायलमध्ये टाचणीच्या टोकाने ग्लॉसचा एक थेंब. थेंब फुगीर दिसला तरी सपाट करायला जाऊ नका, वाळून बसतो.

लोअरपरळ७२

गोंदाबद्दल लिहितो, कारण मुंबईत जुलैमध्ये हाच खरा प्रश्न आहे.

किटचं सिमेंट पॉलिस्टायरिन विरघळवून जोडतं. रेझिन पॉलियुरेथेनचं, त्याच्यावर सिमेंटचा काही परिणाम होत नाही. त्यामुळे रेझिन जिथे येईल तिथे सुपर ग्लू किंवा इपॉक्सी.

सुपर ग्लू घट्ट होतो तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे. आपल्याकडे या दिवसांत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून टब सरळ करायला सवड मिळायच्या आत तो पकडतो. तुम्ही पाहिलेली पांढरी झाकही त्याचीच. गोंदाची वाफ उडते, हवेतल्या दमटपणात घट्ट होऊन आजूबाजूला बसते. बोटांचे ठसे असतील तिथे आधी बसते. बंद फ्युजलाजमध्ये वाफ कोंडते, म्हणून कॅनोपी आधी बसवून आत सुपर ग्लू वापरला तर काच आतून धुरकट होते आणि ती पुसायला हात जात नाही.

म्हणून टब, बल्कहेड आणि भिंती पाच मिनिटांच्या दोन नळ्यांच्या अराल्डाइटने लावा. हलवायला वेळ मिळतो, थोड्या फटी भरतात आणि वाफेचा त्रास नाही. फोटोएच, लिव्हर, बारीक पेट्यांना सुपर ग्लू, तोही तारेच्या टोकाने. काम झालं की दिवसभर पंख्याखाली उघडं ठेवा. विंडस्क्रीन आणि कॅनोपीला साधा फेविकॉल, तो वाळून पारदर्शक होतो. पावसाळ्यात एक पूर्ण रात्र द्या.

सुपर ग्लूची बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. थंड बाटलीत दमट हवा गेली की आत पाणी सुटतं आणि बाटली वाया जाते.

लॅकर रंग मारणार असाल तर तीच गोष्ट. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग दुधाळ होतो. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असलेला थिनर घ्या, कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप लावा, जमल्यास एसीच्या खोलीत फवारा. आणि रंगापूर्वी रेझिन भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा. साच्याचं तेल राहिलं तर प्रायमर मास्किंग टेपबरोबर सोलून येतो.

पाणीपेपर

इपॉक्सी मान्य, पण पाच मिनिटं टब बोटाने धरून ठेवणं कठीण, हात हलतोच. टब जागेवर सरळ बसल्याची खात्री झाली की कडेला दोन ठिकाणी सुपर ग्लूचा टिपका द्या, मग बाहेरच्या अंगाने, म्हणजे फ्युजलाजच्या आतून, इपॉक्सी सोडा. वाकडं झालं तर टिपका ब्लेडने तुटतो, इपॉक्सी तुटत नाही.

शिवडी_बगळा

सगळ्यांचे मनापासून आभार. बायसनचं कळलं ते फार बरं झालं, साधं बिसच करतो.

तळ ०.३५ मिमीवर आणला, खालची फट गेली. प्लास्टिकही पॅनेल लाइन उजळेपर्यंत खरवडलं. वर अजून अर्धा मिलिमीटर राहते आणि कुठे अडतंय ते दिसत नाही. दुसरं, हुड ठेवलं की विंडस्क्रीन पुढून उचलली जाते, दोन्ही बाजूंना डुगडुगते.

पाणीपेपर

नजरेने शोधू नका. टबच्या बाहेरच्या अंगाला आणि बल्कहेडच्या कडांना लाल पोस्टर कलर पातळसर लावा, ओला असतानाच दोन्ही बाजू मिटवा आणि उघडा. आतल्या प्लास्टिकवर लाल ठिपका उमटेल तेवढीच जागा अडतेय. तेवढीच खरवडा, रंग पाण्याने धुवा, पुन्हा करा. चार-पाच फेऱ्या लागतात. माझा अंदाज, किटचा स्वतःचा बल्कहेड बसवायच्या उभ्या खाचेच्या पट्ट्या आत राहिल्यात. त्या रेझिनसाठी नसतात, मुळापासून काढा.

हुड वरून घासू नका, वरचं टेक्स्चर जाईल. खालून, पॅनेलला टेकतं तिथून घ्या, एका वेळी ०.२ मिमी, आणि दर वेळी विंडस्क्रीन ठेवून बघा. पॅनेलच उंच बसलं असेल तर त्याचा खालचा काठ घ्या. सीटचंही तसंच, सीट रंगवून बाजूला ठेवा आणि सगळ्यात शेवटी आत सोडा. कॅनोपी बंद ठेवून हेडरेस्ट काचेला लागतंय का बघा. लागत असेल तर सीटच्या बुडातून कमी करायचं.

ओझर७७

सीटचे पितळी पट्टे स्प्रिंगसारखे ताठ राहतील. मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून थंड होऊ दिले की मऊ पडतात आणि सीटच्या कडेवरून नीट वळतात. रंग छापलेले असतील तर तापवू नका, टूथपिकवर गुंडाळून वळण द्या.

फ्युजलाज चिकटवण्याआधी पंख, शेपूट, सगळं टेपने लावून मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून बघा. शेपूट खाली गेली तर नाकाच्या शंकूत वजन घाला. मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मिळतात, त्या हातोडीने चपट्या करून भरा. त्या इपॉक्सीतच बसवा, फेविकॉलमध्ये नको. पांढऱ्या गोंदामुळे शिशाला हळूहळू पांढरा क्षार धरतो, तो फुगतो आणि वर्षा-दोन वर्षांत नाकाचा सांधा आतून उकलतो.