'सेट' म्हणजे मुळात बसवणं

आठवीच्या वर्गात वाक्य आलं, 'द सन सेट'. मी फळ्यावर लिहिलं, सूर्य मावळला. एका मुलीने हात वर केला. "बाई, मागच्या धड्यात 'सेट द टेबल' होतं, तिथे तुम्ही मांडणे सांगितलंत. आमच्या घरी कपबशांचा सेट आहे. मग इथे मावळणे कसं?"

प्रश्न रास्त होता. आपल्या शालेय शब्दकोशांत 'सेट'पुढे ठेवणे, मांडणे, लावणे, ठरवणे, जुळवणे, मावळणे, घट्ट होणे, संच अशी रांग असते. मुलं ती पाठ करतात आणि वाक्य समोर आलं की रांगेतला जवळचा अर्थ उचलतात. या अर्थांना बांधणारा दोरा कुणी त्यांच्या हाती देत नाही. त्या दिवशी मलाही तो देता आला नाही, म्हणून नंतर आठवडाभर या एकाच शब्दामागे लागले. जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी आकार लक्षात घ्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यातली सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. नुसत्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आणि सगळं समजावायला जवळपास ६०,००० शब्द. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २०११ साली 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. तेव्हा 'सगळ्यात जास्त अर्थांचा इंग्रजी शब्द सेट' हे वाक्य अजून फिरत असलं तरी आता जुनं झालं आहे.

एवढे अर्थ आले कुठून? जुन्या इंग्रजीत बसणे म्हणजे 'सिट्टन' आणि दुसऱ्याला किंवा एखाद्या वस्तूला बसायला लावणे म्हणजे 'सेट्टन'. 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप. आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखीच ही जोडी. इंग्रजीत अशा जोड्या फार उरल्या नाहीत, पण 'राइज' आणि 'रेझ', 'लाय' आणि 'ले', झाड पडणे यातला 'फॉल' आणि झाड पाडणे यातला 'फेल' या त्यातल्याच. म्हणजे 'सेट'चा पहिला अर्थ 'ठेवणे' असा सांगण्यापेक्षा 'बसवणे' असा सांगितला, तर मराठी मुलाला अर्धी वाट तयार मिळते. कारण 'बसवणे'चा पसारा आपल्याकडे आधीपासूनच मोठा आहे. आपण गणपती बसवतो, घट बसवतो, खिडकीला काच बसवतो, नाटक बसवतो, कुणावर धाक बसवतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'सेट' येत नाही, नाटकाला तर मुळीच नाही. पण शब्द कसा वाढतो हे मुलाला आतून ठाऊक असतं. आणि कित्येक ठिकाणी दोन्ही भाषा अगदी नेमक्या जुळतात. निखळलेलं हाड बसवणं, तिथे 'सेट अ बोन'. हिरा कोंदणात बसवणं, तिथेही 'सेट'. खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर बसवतात, त्यालाही इंग्रजीत 'सेट अ हेन' म्हणतात. हे शेवटचं कळलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला.

आणखी मागे गेलं तर 'सिट'चं मूळ आणि संस्कृतातला 'सद्' हा धातू एकाच घरचे निघतात. संसद, परिषद, सभासद, सदन हे सगळे त्या 'सद्'चे. गंमत अशी की आपलं 'बसणे' मात्र त्या घरातलं नाही. ते 'उपविश्'पासून 'बैसणे' होत आलं. मूळ वेगळं, पण दोन्ही भाषांनी बसण्याच्या कल्पनेतून जवळजवळ सारखाच विस्तार केला.

आता सूर्य. 'द सन सेट' यात कोणी कुणाला बसवत नाही. इथे 'सेट' उलटा फिरून बसणे या अर्थाने वापरला गेला आहे, स्वतःच खाली जाऊन टेकणे. मराठीत सूर्य बसला असं आपण म्हणत नाही. तो मावळतो, बुडतो, कलतो. पण बसण्यात खाली जाणं असतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे. पाण्यातला गाळ तळाला बसतो. नवी भर घातलेली जमीन पहिल्या पावसात बसते. आवाज बसतो, धंदा बसतो. क्षितिजावर टेकणारा सूर्य याच वाटेने 'सेट'पर्यंत गेला. आणि जे बसलं, स्थिरावलं, ते हळूहळू घट्टही होतं, म्हणून 'घट्ट होणे' हाही अर्थ. साडीची घडी बसते तेव्हा आपण हेच म्हणत असतो.

'बसवणे' जिथे पुरत नाही तिथे बहुतेक वेळा 'लावणे' धावून येतं. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे, या सगळ्यांना इंग्रजीत 'सेट' चालतं. पाऊस 'सेट इन' झाला तर आपण झड लागली म्हणतो, आणि ते मला जास्त आवडतं. बाकी काही ठिकाणी आपली स्वतंत्र क्रियापदं आहेत आणि ती तशीच शिकावी लागतात. प्रश्नपत्रिका आपण काढतो. तारीख ठरवतो. उदाहरण घालून देतो. जेवायची पानं मांडतो किंवा घेतो. छापखान्यात खिळे जुळवत, आणि ते काम करणाऱ्याला जुळारी असा सुरेख शब्द होता. इंग्रजीत तो 'टाइपसेटर'.

स्वयंपाकघराबद्दल मला थोडं तळमळीने बोलायचं आहे. हल्ली पाककृतीत सगळं 'सेट' होतं. दही सेट करा, वडीचं मिश्रण सेट होऊ द्या, तूप सेट झालं. इंग्रजीत पातळ पदार्थ घट्ट होण्याला हा एक शब्द आहे, म्हणून तिथे तो वापरतात. आपल्याकडे मात्र पदार्थ कशामुळे घट्ट झाला हे क्रियापदातच सांगितलेलं असतं. दूध विरजतं, म्हणजे त्यात विरजण घातलं आहे आणि जिवाणू काम करताहेत. त्याचं दही लागतं. तूप आणि खोबरेल थिजतं, ते गारव्याने. पुन्हा ऊब दिली की वितळणार, हे 'थिजणे' ऐकतानाच कळतं. मिश्रण आळतं, ते आचेवर पाणी उडून. पाणी गोठतं. चौघांना 'सेट' म्हटलं की नवशिक्याला कळत नाही भांडं कुठे ठेवायचं. उबेला, गारव्याला की चुलीवर? मी एका नात्यातल्या मुलीला 'दही सेट करायला ठेव' म्हटलं तर तिने पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. तिची चूक नव्हती. चायना ग्रास घालून केलेल्या पुडिंगला खुशाल सेट म्हणा, तो पदार्थच नव्याने आपल्याकडे आला आहे. दह्याला नको.

याच्या बरोबर उलटी गोष्ट सिमेंटची. तिथे आपला शब्द दिशाभूल करतो आणि 'सेट' बरोबर आहे. आपण सहज म्हणतो, सिमेंट वाळलं. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते कडक होतं. भारतीय मानकाप्रमाणे साधं सिमेंट ३० मिनिटांच्या आत सेट व्हायला सुरुवात होता कामा नये, आणि ६०० मिनिटांच्या आत पूर्ण सेट झालं पाहिजे. म्हणून गवंडी घाई करतो, माल सेट व्हायच्या आत लावून टाकतो. सेट झाल्यावरही ताकद पुढे कित्येक दिवस वाढत असते, २८ दिवसांची ताकद तपासतात ती म्हणूनच. या काळात ओल हवी. 'स्लॅब वाळला' असं मनात धरणारा माणूस पाणी मारायचं लवकर थांबवतो आणि पुढे भेगा मोजत बसतो. बांधकामावरच्या माणसांनी 'सेट' उचलला तो या नेमकेपणासाठी. तो शब्द तिथे आपला झाला आहे आणि राहावा.

इथवर क्रियापद झालं. कपबशांच्या सेटची कथा वेगळी आहे, आणि त्या मुलीचा गोंधळ मुख्यतः इथे होता. समूह या अर्थाचा 'सेट' जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे लॅटिन 'सेक्टा', म्हणजे एका माणसामागे चालणारे लोक, पंथ. त्याचं मूळ 'मागोमाग जाणे' या अर्थाच्या क्रियापदात, आणि त्या क्रियापदाचं नातं संस्कृतातल्या 'सच्' धातूशी, ज्यातून आपला सचिव आला. दोन वेगळे शब्द कानाला सारखे झाले, नंतर एकमेकांत मिसळले, आणि आज एकाच नोंदीसारखे वाटतात. एकाचा सोयरा संसद, दुसऱ्याचा सचिव, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं बराच वेळ गप्प होती.

समूहवाचक 'सेट'ला आपण 'संच' केला. गणितात तो पक्का रुजला आहे, नववीचं पुस्तक त्याच प्रकरणाने उघडतं. रेडिओ संच, दूरचित्रवाणी संच हे मात्र अनेकांना खटकतं. एका खोक्याला संच का? तर सुरुवातीच्या काळात रेडिओ ऐकायचा म्हणजे ग्राहक (रिसीव्हर), बॅटऱ्या, कर्णा अशी सुटी सुटी सामग्री जोडावी लागे. ती मिळून 'सेट'. पुढे सगळं एका पेटीत गेलं, नाव मागे राहिलं. घरातल्या वस्तूंसाठी आपल्याकडे एक शब्द नव्हताच, वस्तूगणिक होता. भांड्यांची उतरंड, किल्ल्यांचा जुडगा, भाकरींची चवड. रंगभूमीवरच्या 'सेट'ला नेपथ्य म्हणतो, आणि संस्कृत नाटकात नेपथ्य पडद्यामागे असे. 'नेपथ्ये' ही सूचना आली की आवाज आतून यायचा. मराठीने ते मागचं पुढे आणलं.

मराठीत आल्यावर या शब्दाने जी नवी रूपं घेतली तीही नोंदवण्यासारखी आहेत. 'पोरगा पुण्यात सेट झाला' या वाक्यात 'सेट' आणि 'सेटल' एकत्र झालेत. 'सेटल'सुद्धा बैठकीवरूनच आलेला, त्यामुळे चूक म्हणवत नाही, पण जम बसला, बस्तान बसलं हे आपल्याकडे होतंच, आणि तिथेही बसणंच आहे. 'त्याचं आत सेटिंग आहे' म्हणजे साटंलोटं. हा अर्थ आपल्याकडे घडला. आणि 'ती सेट झाली आहे' असं प्राध्यापकी करू पाहणाऱ्या मुलीबद्दल ऐकलं तर ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची अध्यापन पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली आहे असं समजावं. ती आद्याक्षरं आहेत, या शब्दाशी तिचं नातं नाही.

पुढच्या आठवड्यात मी वर्गाला 'सेट' वापरून घरातलं एक वाक्य लिहायला सांगितलं. बहुतेकांनी गजर, टेबल, सूर्य लिहिले. त्या मुलीच्या वहीत होतं, 'माय ग्रँडमदर सेट द हेन ऑन ट्वेल्व्ह एग्ज'. खाली कंसात मराठीत, 'आजीने कोंबडी बसवली'. मी लाल पेन खाली ठेवलं आणि तिला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं.