होमलोन चालू असताना एसआयपी कशाला? आधी कर्ज फेडा

आकडेमोड्या
सगळीकडे एकच टेप वाजतेय. लोन साडेआठ टक्क्याने आहे, शेअर मार्केटमध्ये एसआयपी केली (दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम टाकली) तर बारा मिळतात, म्हणजे प्रीपेमेंट (हप्त्यापेक्षा जास्तीचे पैसे भरून लोन लवकर फेडणं) करणारा येडा. कागदावर ठीक आहे हो, पण पगारावर घर चालवणाऱ्याला हे लागू होतं असं मला अजिबात वाटत नाही.

साधा हिशोब घ्या. ४० लाख लोन, २० वर्षं, ८.५ टक्के. हप्ता बसतो ३४,७१३. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट उघडून बघा, त्यातले २८,३३३ व्याजात गेले, मुद्दल कमी झालं फक्त ६,३८० ने. दर असाच राहिला तर २० वर्षांत एकूण भरणार ८३ लाखांच्या वर. आता दर महिन्याला फक्त ५,००० जास्त भरा, लोन पावणेपंधरा वर्षांत संपतं आणि जवळपास १३ लाख व्याज वाचतं. यात मार्केट नाही, फंड मॅनेजर नाही, काही नाही.

आणि पूर्वी लोक म्हणायचे की व्याजावर टॅक्स वाचतो म्हणून लोन खरं तर सहा टक्क्यालाच पडतं. ते जुन्या टॅक्स रेजीममध्ये (करपद्धतीत), २ लाखांच्या मर्यादेत. २०२३-२४ पासून नवीन रेजीम डिफॉल्ट आहे आणि त्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. मग साडेआठ म्हणजे पूर्ण साडेआठ. एवढा खात्रीचा, टॅक्स फ्री परतावा दुसरीकडे कुठे मिळतो ते दाखवा.

एसआयपी_पंटर
१३ लाख वाचवून खूश?? तेच ५,००० वीस वर्षं इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्या फंडात) टाका, १२ टक्क्याने ५० लाखांच्या आसपास होतात. कुठे १३ कुठे ५०. कर्जाला घाबरण्याची ही आपल्या वडिलांच्या पिढीची सवय आहे, त्यातून बाहेर या जरा.

खडूस_हिशोबनीस
थांबा. १३ आणि ५० ची तुलनाच चुकीची आहे आणि गंमत म्हणजे ही चूक भल्याभल्या सल्लागारांच्या व्हिडिओत असते. ज्याने प्रीपे केलं त्याचं लोन १७७ महिन्यांत संपलं, बरोबर? मग पुढचे ६३ महिने त्याच्या हातात दर महिन्याला ३९,७१३ मोकळे आहेत. तेही त्याच फंडात टाकले असं धरा ना. १२ टक्क्याने त्याचे साडेचौतीस लाख होतात. म्हणजे खरी तुलना साडेचौतीस विरुद्ध साडेएकोणपन्नास.

आता टॅक्स. २३ जुलै २०२४ पासून इक्विटीच्या (शेअर आणि शेअर फंडांच्या) लाँग टर्म नफ्यावर १२.५ टक्के लागतो, वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून. शेवटी सगळं एकदम विकलं असं धरलं तर १२ टक्क्याला एसआयपीवाल्याचे उरतात साधारण ४५ लाख आणि प्रीपेवाल्याचे साडेतेहतीस. फरक आहेच, नाही म्हणत नाही. पण हेच गणित ९ टक्क्याने करा. दोघंही टॅक्स कापून ३१ लाखांच्या आसपास येऊन थांबतात, उलट प्रीपेवाला किंचित पुढे. थोडक्यात लोनच्या दरापेक्षा दोन-तीन टक्के जास्त मिळणार याची खात्री असेल तरच एसआयपीवाल्यांच्या बोलण्यात दम.

एसआयपी_पंटर
मग मान्य करा ना की ११ लाखांचा फरक आहे. वीस वर्षांत १२ टक्के मिळणं काही चमत्कार नाही.

आकडेमोड्या
चमत्कार नाही, पण ते मिळतं कोणाला? जो वीस वर्षं एकही हप्ता न चुकवता बसून राहतो त्याला. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१,००० वर होता, ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली. २३ मार्च २०२० ला एका दिवसात १३ टक्के पडला. त्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर "एसआयपी पॉज कशी करायची" हेच मेसेज फिरत होते, आणि हे लिहिणारे लोक शिकलेले, इंजिनीअर, सीएसुद्धा. नोव्हेंबरपर्यंत मार्केट जुन्या पातळीवर आलंही, पण ज्यांनी मार्चमध्ये थांबवली त्यातले कितीतरी जण २०२१ मध्ये सगळं महाग झाल्यावर परत आले. होमलोनमध्ये भरलेले पैसे घाबरून कोणी परत काढू शकत नाही. तोच त्याचा गुण.

घरखर्चवाली
काढता येत नाही हाच तर दोष आहे दादा! आमच्याकडे नेमकं हेच झालं. तीन वर्षं बोनस आला की लोनमध्ये, एफडी मोडली की लोनमध्ये, आम्ही दोघं अगदी अभिमानाने सांगायचो की लोन निम्म्यावर आणलं. मग ह्यांची नोकरी गेली. बँकेत जाऊन म्हटलं अहो आम्ही एवढे जास्तीचे भरलेत, चार महिने हप्ता थांबवा. समोरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की मॅडम तुम्ही आधी किती भरलंय याचा पुढच्या हप्त्याशी संबंध नाही, पाच तारखेला खात्यात पैसे नसतील तर बाउन्स होणार आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब होणार. टॉपअप (त्याच लोनवर वाढीव कर्ज) मागितलं तर पगाराची स्लिप आणा. स्लिप असती तर टॉपअप कशाला मागितलं असतं? शेवटी माझ्या बांगड्या गहाण ठेवून हप्ते भरले.

तेव्हा प्रीपे करा की एसआयपी करा, पण आधी सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला हवा, आणि लोनएवढा टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) हवा. हे दोन्ही नसताना १२ का साडेआठ यावर भांडणाऱ्यांचं मला हसू येतं.

ईएमआय_ग्रस्त
+१ ताई.
पण दुसरी बाजू पण सांगतो. मी २०२१ मध्ये लोन घेतलं, ६.७ टक्के, सगळे म्हणाले एवढं स्वस्त पैसे कोणी देत नाही, प्रीपे तर चुकूनही करू नको. मे २०२२ ला रेपो (आरबीआय बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) वाढायला लागला, ४ चा फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. माझा हप्ता मात्र तेवढाच, म्हणून मी निवांत. एक दिवस ॲपमध्ये बघतो तर मुदत इतकी लांबलेली की लोन मी रिटायर झाल्यावर सुद्धा चालूच, कारण हप्ता जवळजवळ सगळा व्याजातच जात होता आणि मुद्दल हलतच नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आरबीआयने बँकांना सांगितलं की दर बदलला की कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवायचा का मुदत, का फिक्स्ड दरावर जायचंय. त्याआधी मला कोणीही विचारलं नव्हतं. तेव्हा लोनचा दर ८.५ धरून वीस वर्षांचं एक्सेल बनवणाऱ्यांनो, तो आकडा पण तुमच्या १२ टक्क्यांसारखाच हलता आहे.

चाळीशीतला
आमचे एजंट काका म्हणतात दोन्ही नको, एक छान पॉलिसी आहे 😂

खडूस_हिशोबनीस
काकांना नमस्कार सांगा आणि दार लावून घ्या.

ओडीवाला
एवढं भांडण चाललंय आणि ओव्हरड्राफ्टवाल्या (ओडी) होमलोनचं नाव कोणीच घेतलं नाही? जास्तीचे पैसे त्या खात्यात टाकायचे, तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की परत काढता येतात. ताईंची अडचण पण सुटते. दर साध्या लोनपेक्षा थोडा जास्त असतो एवढंच.

आकडेमोड्या
आयडिया चांगली आहे, पण काढता येतात म्हटलं की काढले जातात. गाडी बदलायची हुक्की आली की पहिली नजर त्याच खात्यावर. ज्याच्या हातात पैसा टिकतो त्याला ओडी, बाकीच्यांनी सरळ प्रीपे करावं. ताईंचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, इमर्जन्सी फंड आधीच, तो मी गृहीतच धरला होता.

घरखर्चवाली
गृहीत धरू नका हो, लिहा. लोक फक्त हेडिंग वाचून एफडी मोडतात.

एसआयपी_पंटर
माझं मत बदललेलं नाही. तिशीत असाल, लोन नवीन असेल तर दोन्ही करा, पण एसआयपी शून्य ठेवू नका. १५ वर्षांनी कर्जमुक्त आणि खात्यात काहीच नाही, हातात फक्त घर, जे विकून खाता येत नाही, ही काय श्रीमंती?

आकडेमोड्या
आणि पंचेचाळीशीत नोकरीची गॅरंटी नाही, डोक्यावर ३० लाख, पोर्टफोलिओ लालेलाल, ही काय श्रीमंती? असो, आपलं जुळणार नाही. जे प्रीपे करणार आहेत त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं. पार्ट पेमेंट केल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, ते बँकेला स्पष्ट सांगा, लेखी घ्या. हप्ता कमी झाला आणि वाचलेले पैसे खर्चात गेले तर वर सांगितलेले १३ लाख विसरा. आणि फ्लोटिंग (बदलत्या) रेटच्या वैयक्तिक होमलोनवर प्रीपेमेंटचा दंड लावता येत नाही, काउंटरवर कोणी काही मागितलं तर आरबीआयचा नियम दाखवा.

नवीन_सभासद
माझी शेवटची चार वर्षं राहिलीत. मित्र म्हणतो व्याज सगळं आधीच भरून झालंय, आता प्रीपे करून काही उपयोग नाही. खरं का?

खडूस_हिशोबनीस
नाही. व्याज आधी वसूल होतं असं काही नसतं, दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावरच लागतं. आज भरलेल्या रुपयावर आजही तोच दर वाचतो, फक्त तो वीसऐवजी चारच वर्षं वाचेल म्हणून एकूण आकडा लहान दिसतो. बाकी किती आहे आणि दर किती ते टाका, हिशोब करून देतो. आणि लोन संपलं की घराचे ओरिजिनल पेपर ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई आहे, तारीख लिहून ठेवा.