डीव्हीडी कॉम्प्युटरवर चालते, घरच्या प्लेअरवर अडकते

प्रश्न (आरमोरी): झाडीपट्टीच्या नाटकाचं १३० मिनिटांचं रेकॉर्डिंग डीव्हीडी प्लस आरवर (एकदाच लिहिता येणारी डिस्क) उतरवलंय. घरच्या प्लेअरवर दीड तास नीट चालते, मग चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. दुसऱ्या जुन्या प्लेअरवर तर थेट 'नो डिस्क'. १६ एक्स वेगानं राइट केली, वर कागदी स्टिकर लावलंय.

उत्तर १: भाऊ, आधी स्टिकरचं बघा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे नाटकाचा शेवट काठाजवळ. स्टिकर जरा जरी वाकडं बसलं की डिस्क फिरताना हेलकावे खाते अन् लेझर काठावरच चुकतो. ते सोलू नका, नवी डिस्क घ्या. ८ एक्स किंवा ४ एक्सवर राइट करा, नाव डिस्क-मार्करनं लिहा.

उत्तर २: बिटरेटही (दर सेकंदाला किती डेटा) तपासा. ४.७ जीबीत १३० मिनिटं बसवायची तर व्हिडिओ ४.४ एमबीपीएसच्या आसपास, आवाज एसी३ प्रकारचा, १९२ केबीपीएस. चित्र एमपेग-२ (डीव्हीडीचा ठरलेला व्हिडिओ प्रकार), ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. नुसती एमपी४ फाइल टाकली तर जुना प्लेअर वाचणार नाही, डीव्हीडीच्या फाइल्सचं व्हिडिओ_टीएस फोल्डर लागतंच.

'नो डिस्क'साठी डीव्हीडी मायनस आर (प्लस आरसारखीच, पण दुसऱ्या प्रकारची डिस्क) वापरून बघा. जुने प्लेअर तीच जास्त ओळखतात. फायनलाइज (राइट झाल्यावर डिस्क बंद करून प्लेअरला वाचता येईल अशी करणं) मात्र नक्की करा.

उत्तर ३: दुकानातली छापील डिस्कही अडकत असेल तर दोष प्लेअरचा. कापसाच्या दिवसांत लेन्सवर बारीक धूळ बसते. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर बोळा हलक्या हातानं फिरवा, दाबू नका.