टेस्ट रिगसाठी मॉड्युलर डॅक घ्यायचाय, चॅसिस आधी ठरवू की मॉड्यूल?

रिगवाला
मंडळी नमस्कार. गिअरबॉक्सचा एक टेस्ट रिग उभा करतोय, मेकॅनिकल सगळं जागेवर आहे पण डॅकवर (डेटा अ‍ॅक्विझिशन, म्हणजे सेन्सरचे सिग्नल मोजून पीसीत घेणारं हार्डवेअर) गाडं अडलंय. सेन्सर असे आहेत: के टाइप थर्मोकपल १२, लोडसेल २ (३५० ओहम ब्रिज, २ मिलिव्होल्ट पर व्होल्ट, ५०० किलोचे), प्रेशर ट्रान्समीटर ४ (४ ते २० मिलिअँप), आयईपीई अ‍ॅक्सिलरोमीटर (कंपन मोजणारे, कॉन्स्टंट करंटवर चालणारे) ३ आणि शाफ्टच्या स्पीडसाठी एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, फेऱ्याला एक पल्स देणारा. इनपुट शाफ्ट ३००० आरपीएमपर्यंत, पिनियनला २३ दात.

आमच्या साहेबांचं म्हणणं की साधा यूएसबी डॅक बॉक्स घे, ३२ चॅनेल, १६ बिट, प्लस मायनस १० व्होल्ट, वर अडीच लाख सॅम्पल पर सेकंद लिहिलंय, आपले सगळे मिळून २२ सेन्सर म्हणजे चॅनेल उरतातच, मग अजून काय पाहिजे. टीममधला एक जण म्हणतोय मॉड्युलरच घ्यायचं, चॅसिस (स्लॉट असलेला डबा) आणि त्यात कार्डं म्हणजे मॉड्यूल. तिसरा म्हणतो २४ बिट असेल तर कुठलंही चालेल. मी दोन दिवस डेटाशीट वाचून वाचून अजूनच गोंधळलोय. सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा, आणि मॉड्युलर घेतलं तर चार स्लॉटचं पुरेल का?

सिग्नलसाफ
सुरुवात सेन्सरपासून करा. डॅकपासून नाही, चॅसिसपासून तर नाहीच.

साहेबांच्या बॉक्सचं गणित आधी मांडू म्हणजे त्यांनाही दाखवता येईल. प्लस मायनस १० म्हणजे एकूण २० व्होल्ट, त्याचे १६ बिटने ६५,५३६ भाग, म्हणजे एक पायरी साधारण ०.३०५ मिलिव्होल्टची. के टाइप थर्मोकपल एका डिग्रीला देतो जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट. म्हणजे तापमान ७ डिग्रीहून जास्त बदलल्याशिवाय तुमचा आकडा हलणारच नाही. लोडसेलचं बघा, १० व्होल्ट एक्सायटेशन (ब्रिजला द्यायचा सप्लाय) दिलं तरी फुल लोडला २० मिलिव्होल्ट मिळणार, म्हणजे ५०० किलोसाठी सगळ्या मिळून ६५ पायऱ्या, एक पायरी साडेसात किलोची. टेस्टिंग कसलं करणार यावर.

आता कोणी म्हणेल की बऱ्याच बॉक्समध्ये रेंज बदलता येते, ०.२ व्होल्ट किंवा त्याहून छोटी सुद्धा. खरं आहे, त्याने लीस्ट काउंट सुधारतो. पण लोडसेलला एक्सायटेशन कोण देणार? थर्मोकपलच्या टर्मिनलपाशी कोल्ड जंक्शनचं तापमान कोण मोजणार? अ‍ॅक्सिलरोमीटरला लागणारा कॉन्स्टंट करंट कुठून येणार? ही सगळी सिग्नल कंडिशनिंग बाहेर लावायची म्हणजे चार वेगवेगळी डबडी, चार पॉवर सप्लाय, आणि सगळ्यांच्या ग्राउंडचा एकमेकांशी झगडा. मॉड्युलरचा खरा फायदा हाच आहे की प्रत्येक मॉड्यूलच्या आत त्या त्या सेन्सरला लागणारं सगळं बसवलेलं असतं. स्लॉटात घालता काढता येतं वगैरे ठीक आहे, ते नंतरचं.

२४ बिटवाल्या मित्राला सांगा की बिट ही शेवटी बघायची गोष्ट आहे. शेवटचे कित्येक बिट नुसते नॉइजमध्येच असतात, डेटाशीटमध्ये इनपुट नॉइजचा आकडा मायक्रोव्होल्टमध्ये दिलेला असतो तो बघायचा. आणि क्लास १ चा के टाइप सुद्धा दीड डिग्री इकडे तिकडे असतोच, तिथे डॅकवर कितीही खर्च केला तरी थर्मोकपल काही सुधारणार नाही.

अजून एक, आयसोलेशन. थर्मोकपल हाउसिंगला वेल्ड करणार असाल किंवा ग्राउंडेड टिपचे असतील तर प्रत्येकाच्या टोकाला थोडं वेगळं पोटेन्शियल असणार, आणि मोटर व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टरवर) असेल तर विचारूच नका. नुसतं "आयसोलेटेड" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, ते चॅनेल टू चॅनेल आहे की अख्खं मॉड्यूल मिळून एकच बँक अर्थपासून वेगळी आहे हे बघा. बँकवालं असेल तर अनग्राउंडेड टिप घ्या, किंचित स्लो असतात पण निम्मी डोकेदुखी जाते.

कंपनपाहणी
वरच्यांनी अँप्लिट्यूडचं सांगितलं, मी टायमिंगचं सांगतो कारण गिअरबॉक्समध्ये खरी गोम तिथे आहे.

३००० आरपीएम म्हणजे ५० हर्ट्झ, २३ दात म्हणजे गिअर मेश (दातांत दात बसण्याची फ्रिक्वेन्सी) १,१५० हर्ट्झ, तिसरा हार्मोनिक ३,४५० ला, आणि त्याच्या आजूबाजूचे साइडबँड धरून ५ किलोहर्ट्झपर्यंत तरी बघावं लागेल. त्याला २.५६ ने गुणा, १२.८ हजार सॅम्पल पर सेकंद दर चॅनेल. हा आकडा फार मोठा नाही, पण तो प्रत्येक चॅनेलला एकाच क्षणी मिळाला पाहिजे, आणि एडीसीच्या (अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणाऱ्या चिपच्या) आधी अँटी-एलिअसिंग फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी खोट्या खालच्या म्हणून दिसू नयेत यासाठी) पाहिजे. साहेबांच्या बॉक्समधले अडीच लाख हे सगळ्या चॅनेलमध्ये मिळून असणार, बहुतेक स्वस्त बॉक्समध्ये एकच एडीसी असतो आणि तो मल्टिप्लेक्सर (चॅनेल बदलणारा स्विच) फिरवत बसतो. त्यात दोन चॅनेलमध्ये वेळेचा फरक पडतोच, शिवाय आधीच्या चॅनेलचा व्होल्टेज पूर्ण उतरायच्या आत पुढचा वाचला जातो, म्हणजे शेजारच्या चॅनेलचं भूत तुमच्या सिग्नलमध्ये दिसतं. सेन्सरचा सोर्स इम्पिडन्स जास्त असेल तर जास्तच.

उदाहरण म्हणून एनआय (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीचं कॉम्पॅक्टडॅक घेतो कारण ते बऱ्याच जणांनी हाताळलंय, तत्त्व बाकीच्यांनाही लागू आहे. कंपनासाठी त्यांचं ९२३४ असतं, चार चॅनेल, २४ बिट, चारही एकाच वेळी सॅम्पल होतात, कमाल ५१.२ हजार. यात मेख अशी की रेट मनाला येईल तो मिळत नाही, ५१.२ ला १ ते ३१ मधल्या पूर्णांकाने भागून जो येईल तोच. तुम्ही १० हजार मागितलात तर ते गुपचूप १०.२४ हजार देणार. तुमच्या नशिबाने १२.८ बरोबर बसतो, चारने भाग जातो. कोडमध्ये मात्र मागितलेला रेट लिहून मोकळे होऊ नका, प्रत्यक्ष मिळालेला रेट वाचून तोच फाइलमध्ये ठेवा, नाहीतर एफएफटीचे (फ्रिक्वेन्सीच्या आलेखाचे) सगळे पीक सरकलेले दिसतील आणि तुम्ही बेअरिंगला दोष देत बसाल.

ब्रिजचं ९२३७ घेतलंत तर त्याचा मूळ रेट ५० हजार आहे, ५१.२ नाही. दोघांचा डेटा एकमेकांशी जुळवायचा असेल तर एकाच मॉड्यूलचा टाइमबेस (सॅम्पलिंगचं घड्याळ) दुसऱ्याला द्यावा लागतो, ड्रायव्हरमध्ये सोय आहे पण आपोआप होईल असं धरून चालू नका.

आणि थर्मोकपल या वेगवान टास्कमध्ये घालू नका. ९२१३ (त्यांचं थर्मोकपल मॉड्यूल) हाय रिझोल्यूशन मोडमध्ये एका चॅनेलला ५५ मिलिसेकंद घेतं, १२ चॅनेल म्हणजे पाऊण सेकंदाच्या आसपास, मेन्सचा हम मारायला तेवढा वेळ लागतोच. वेगवान टास्कमध्ये घातलंत तर तोच जुना आकडा परत परत येत राहील आणि फाइल फुगेल. ९१७४, ९१७८ सारख्या चॅसिसमध्ये अ‍ॅनालॉग इनपुटसाठी तीन टायमिंग इंजिन असतात, म्हणजे कंपन एका रेटने, लोड आणि प्रेशर दुसऱ्या, तापमान तिसऱ्या. तुम्हाला नेमके तीनच लागतायत. दुसऱ्या कंपनीचं घेणार असाल तर हाच प्रश्न विचारा की एका चॅसिसमध्ये किती वेगळे रेट एका वेळी चालतात.

जुनाटेस्टर
थोडं वेगळं मत मांडतो, वरचं सगळं बरोबर आहे पण सगळंच एका चॅसिसमध्ये कोंबायचा अट्टहास कशाला. तापमान गिअरबॉक्सचं आहे, तेल गरम व्हायला मिनिटं लागतात, कंपनाच्या अमुक सॅम्पलला तमुक तापमान किती होतं असा प्रश्न कोणी विचारणार आहे का? नसेल तर थर्मोकपल वेगळ्या स्लो लॉगरवर टाका. कीसाइटचं डीएक्यू९७०ए घ्या उदाहरणार्थ, तीन स्लॉट, साडेसहा डिजिट, तेही मॉड्युलरच आहे की. रिले टिकटिक करतात आणि त्यांना आयुष्य असतं हे मान्य, पण पाच सेकंदाला एकदा स्कॅन केलं तर चालतं मस्त. किंवा लॅबजॅक टी७ प्रो सारखं काहीतरी, त्यात स्लो कामासाठी वेगळा २४ बिट एडीसी असतो. फायदा असा की कंपनवाली सिस्टीम अडकली तरी ओव्हरटेंपरेचर ट्रिप (तापमान वाढलं की मोटर बंद करणारी सोय) चालू राहते. किंबहुना माझं मत असं की ट्रिप डॅकवर ठेवायचीच नाही, विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर मोटर बंद होणार असेल तर मी त्या रिगजवळ उभा राहणार नाही, ती पीएलसी (इंडस्ट्रियल कंट्रोलर) किंवा हार्डवायर्ड रिलेने करा.

बाकी दोन गोष्टी कोणी बोललं नाही. एक म्हणजे टर्मिनल. स्क्रू टर्मिनल, स्प्रिंग टर्मिनल, बीएनसी, डी-सब, यातलं काय येतं ते फोटो झूम करून बघा. कंपन करणाऱ्या रिगवर उघड्या स्क्रू टर्मिनलला लटकलेली वायर आठवड्यात ढिली होते, स्ट्रेन रिलीफवालं बॅकशेल बहुतेक वेळा वेगळं ऑर्डर करावं लागतं आणि ते कोटेशनमध्ये नसतं.

दुसरं सॉफ्टवेअर. तुम्ही पायथनमध्ये करणार, लॅबव्ह्यूमध्ये करणार की कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरणार? ड्यूवसॉफ्टसारख्यांकडे हार्डवेअरबरोबर सॉफ्टवेअर तयार येतं, ऑर्डर अ‍ॅनालिसिस वगैरे सगळं, कोड लिहायला माणूस नसेल तर तेच परवडतं. कोड लिहिणारा हाताशी असेल तर ड्रायव्हर आणि त्याची पायथन लायब्ररी किती नीट आहे, तुमच्या ओएसवर चालते का, हे हार्डवेअरच्या आधी तपासा. डेमो युनिट मागा, तुमचाच एक लोडसेल आणि एक अ‍ॅक्सिलरोमीटर घेऊन जा आणि मोटर चालू असताना मोजून बघा. टेबलावर सगळ्यांचेच डॅक छान चालतात.

रिगवाला
बापरे, एवढं डिटेल मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. ६५ पायऱ्यांचं गणित साहेबांना दाखवलं, ते गप्प झाले आणि म्हणाले मॉड्युलरचं कोटेशन मागव.

आता स्लॉट मोजतोय: थर्मोकपल १, ब्रिज १, आयईपीई १, करंट इनपुट १, प्रॉक्सिमिटीसाठी डिजिटल १. पाच झाले म्हणजे चार स्लॉटचं बाद. थर्मोकपल बाहेर काढले तर चारमध्ये बसतं पण मग एकही स्लॉट मोकळा राहत नाही, आणि पुढच्या वर्षी हाउसिंगवर स्ट्रेन गेज लावायचे असं आत्ताच बोलणं चालू आहे. दुसरी अडचण, कंट्रोल रूम रिगपासून १५ मीटरवर आहे आणि मधे व्हीएफडीचं पॅनेल आहे. चॅसिस पीसीजवळ ठेवू की रिगजवळ?

सिग्नलसाफ
रिगजवळ, प्रश्नच नाही. अ‍ॅनालॉग वायर शक्य तितकी आखूड ठेवायची आणि लांबचा प्रवास डिजिटलला करू द्यायचा. १५ मीटर मिलिव्होल्टची वायर व्हीएफडीच्या पॅनेलशेजारून नेलीत तर लोडसेल मोजाल की इन्व्हर्टरचं स्विचिंग मोजाल ते तुमचं तुम्हालाच कळणार नाही. यूएसबी केबलची मर्यादा ५ मीटर आहे, म्हणून इथरनेट चॅसिस बघा, ते १०० मीटरपर्यंत निवांत जातं. आठ स्लॉटवालं घ्या. ९१८९ असेल तर त्याला दोन नेटवर्क पोर्ट असतात, पुढे दुसरं चॅसिस त्यालाच जोडता येतं आणि दोन्ही नेटवर्कवरून सिंक राहतात. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

लोडसेलबद्दल एक बारीक गोष्ट जी डेटाशीटमध्ये खाली कुठेतरी दडलेली असते. ९२३७ ची आतली एक्सायटेशन एकूण १५० मिलिवॉटच देते. ३५० ओहमच्या एका ब्रिजला १० व्होल्ट लावलेत तर २८६ मिलिवॉट होतात, म्हणजे एकालाही पुरत नाही. ५ व्होल्टला एकाचे ७१, दोघांचे १४३, बसतात. ५ वर चालवा, सिग्नल १० मिलिव्होल्टच मिळेल पण त्या मॉड्यूलला तेवढा भरपूर आहे. पुढे स्ट्रेन गेज क्वार्टर ब्रिजमध्ये लावणार असाल तर ते दुसऱ्या मॉड्यूलवर घ्या आणि ब्रिज कम्प्लिशन (ब्रिजचे उरलेले रेझिस्टर) आत आहे की बाहेर लावायचं ते आधीच विचारून घ्या.

कंपनपाहणी
प्रॉक्सिमिटी २४ व्होल्टचा असेल तर ५ व्होल्ट टीटीएलच्या ९४०१ ला थेट लावू नका, २४ व्होल्ट घेणारं डिजिटल मॉड्यूल घ्या. आणि काउंटरने नुसता आरपीएम काढण्याऐवजी तो पल्स ९२३४ च्या चौथ्या चॅनेलवर पण घ्या, रेझिस्टर डिव्हायडर लावून ५ व्होल्टच्या आत आणून. तुमचे अ‍ॅक्सिलरोमीटर तीनच आहेत, चौथा चॅनेल तसाही रिकामा आहे. डेल्टा सिग्मा एडीसीच्या फिल्टरमुळे साधारण ३०-४० सॅम्पलचा उशीर लागतो, १२.८ हजारला म्हणजे जवळपास ३ मिलिसेकंद, ३००० आरपीएमला तेवढ्यात शाफ्ट ५० अंशांहून जास्त फिरतो. पल्स त्याच मॉड्यूलमधून आला तर त्यालाही तितकाच उशीर लागतो आणि फेज बरोबर जुळते. त्या चॅनेलवर आयईपीई बंद आणि डीसी कपलिंग ठेवा.

डिस्कचा विचार केलाय का? चार चॅनेल, १२.८ हजार, ८ बाइटने सेव्ह केलंत तर तासाला साधारण दीड जीबी. टेस्ट आठवडाभर चालणार असेल तर अडीचशे जीबी होतात, म्हणून सलग ठेवू नका, दर काही मिनिटांनी ठरावीक सेकंदांचा तुकडा आणि बाकी वेळ नुसता आरएमएस (कंपनाची एकूण पातळी).

रिगवाला
मस्त, चौथ्या चॅनेलचं डोक्यातच आलं नव्हतं. थर्मोकपलसाठी जुनाटेस्टर म्हणतात तसा वेगळा लॉगर ठेवतो, चॅसिस आठ स्लॉट इथरनेट, त्यात चार मोकळे राहतील. ट्रिप पीएलसीवर. शेवटचं विचारतो, अ‍ॅक्सिलरोमीटर आधीच लावून केबल ओढून झाल्यात, मॉड्यूल यायच्या आधी केबल ठीक आहेत का हे कळू शकतं का?

कंपनपाहणी
मॉड्यूलशिवाय फक्त कंटिन्युइटी बघता येईल, सेन्सरकडचं टोक काढून. मॉड्यूल आल्यावर आयईपीई सॉफ्टवेअरमधून चालू करा (डिफॉल्टला बंद असते, यात भलेभले तासभर शोधत बसतात), बीएनसीचा टी लावा आणि साध्या मल्टिमीटरवर डीसी व्होल्टेज बघा. ८ ते १२ च्या आसपास आला तर केबल आणि सेन्सर दोन्ही ठीक. शून्याजवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट. २० च्या वर गेला तर केबल तुटलेली किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही, आधी कनेक्टर आवळून बघा.