प्रतिसाद: एकच हेडलाईट लुकलुकतोय तर आधी अर्थिंग बघा

गाडीचा फक्त डावा हेडलाईट लुकलुकतोय या प्रश्नावर वर कुणीतरी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलायचा सल्ला दिलाय, तो दोन्ही हेडलाईट आणि सोबत डॅशबोर्डचे लाईटही लुकलुकत असतील तर बरोबर आहे, पण इथे फक्त डावीकडचाच त्रास देतोय म्हणजे अल्टरनेटरवर उगाच खर्च करू नका प्लीज. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर चार्जिंग बहुतेक ठीकच आहे.

आता अर्थिंग (बल्बची निगेटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीला जोडणारं कनेक्शन) तपासायची पद्धत कुणी लिहिली नाही म्हणून सांगतो. हेडलाईट चालूच ठेवायचा, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बल्बच्या होल्डरमधल्या अर्थच्या वायरला, ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवलं की समजा अर्थिंग गंडलंय. आमच्या चिपळूणच्या पावसात तर हे हमखास होतं, माझ्या गाडीत बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थचा बोल्ट गंजला होता, पॉलिश पेपरने घासून घट्ट केला, वरून पेट्रोलियम जेली लावली आणि लाईट एकदम स्थिर. आणि हो, होल्डर काढून नीट बघाच, ६०/५५ वॅटच्या (हाय बीम/लो बीम) जागी १००/९० वॅटचे बल्ब टाकले असतील तर प्लास्टिक वितळून पिना सैल होतात, मग सिरॅमिक होल्डर आणि रिलेवालं (बल्बला थेट बॅटरीतून करंट देणाऱ्या इलेक्ट्रिक स्विचचं) वायरिंगच घाला.