भावानं कुंकू मागवलंय. सीमेवर गेल्यावर माणूस देवाकडे वळतोच का?

योगेश्वरीचं_माहेर (प्रश्न)

आम्ही अंबाजोगाईचे. माझा धाकटा भाऊ 2023 मध्ये अग्निवीर म्हणून भरती झाला. घरात योगेश्वरीचं सगळं रीतसर, नवरात्रात नऊ दिवस घट, माळ, अखंड दिवा. पण हा पोरगा आरतीला कधी टाळी वाजवणारा नव्हता. बारावीला असताना आईशी वाद घालायचा, की परळीला वैजनाथ एवढा जवळ बसलाय तर आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर का लागतो. सध्या तो लडाखच्या बाजूला आहे. नेमकं कुठं ते सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला. आईशी बोलून झाल्यावर म्हणाला, ताईकडं दे. मग हळूच म्हणाला, "तुळजापूरला कुणी गेलं तर भवानीचं कुंकू आणि एक कवडी पाठव. आईला सांगू नको."

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. रात्री तीन तीन वाजेपर्यंत जागी असते. तो घाबरलाय का? त्याच्यासमोर काही घडलंय आणि तो लपवतोय का? मरण दिसलं की नास्तिकही देव देव करतो, असं सगळे म्हणतात. खरंच तसं असतं का? जे तिथं राहून आलेत त्यांनी सांगावं. आणि आईला सांगू की नको?

लातूरचे_सर

मी फौजेत नव्हतो, समाजशास्त्र शिकवत होतो, म्हणून वाचलेलं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं आपल्याच शिपायांकडून मोठ्या प्रमाणावर प्रश्नावल्या भरून घेतल्या. सॅम्युअल स्टॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचं काम 1949 मध्ये प्रसिद्ध केलं. अगदी कठीण वेळी कशाचा आधार वाटला, या प्रश्नाला पायदळातल्या कितीतरी जणांनी प्रार्थना हे उत्तर दिलं. पण त्याच माणसांनी आणखी एक आधार सांगितला होता: सोबतच्यांना तोंडघशी पाडायचं नाही हा विचार. लोक पहिलं उत्तर लक्षात ठेवतात आणि दुसरं विसरतात.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर मी मदतीला किल्लारीला गेलो होतो. एक माणूस ढिगाऱ्यातून आधी देवाचे टाक शोधत होता. त्याच गल्लीतल्या दुसऱ्यानं पुढं कितीतरी वर्षं घरात देव्हारा मांडला नाही. दोघांनीही माणसं गमावली होती. तेव्हा मरण पाहिलं की माणूस अमुकच करतो, हे मला पटत नाही.

निवृत्त_गनर

ताई, मी कंधार तालुक्यातला, तोफखान्यातला. नाशिकरोडला ट्रेनिंग झालं, 17 वर्षं नोकरी केली, हवालदार होऊन घरी आलो. 1999 ला कारगिलच्या लढाईत आमच्या बोफोर्स तोफा द्रासला लागल्या होत्या तेव्हा मी 23 वर्षांचा होतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घे. फौजेत देव संकट आल्यावर येत नाही, तो आधीपासूनच असतो. युनिटला पंडितजी असतात, ते फौजेचेच, नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर भरती झालेले. जवान ज्या धर्माचे त्याप्रमाणे कुठं ग्रंथी, कुठं मौलवी, कुठं पाद्री. मंदिरात जायचं तेही परेड म्हणून, रांगेत. जवानांचा जो धर्म, त्यांच्या पूजेला साहेब उभा राहतो. आमचे बॅटरी कमांडर, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीचे साहेब, केरळचे ख्रिश्चन होते, आरतीला टिळा लावून सगळ्यांत पुढं. आणि तोफखान्यात तोफ हाच झेंडा. आपल्याकडं खंडेनवमीला तिफण, कुळव, विळे धुऊन मांडतात ना, तशी तोफेची पूजा व्हायची. अशा जागी दोन वर्षं राहिलेल्या पोरानं कुंकू मागितलं, तर तो एका रात्रीत पालटला असं समजू नको.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

माझ्याच तोफेवर अहमदपूर तालुक्यातलं एक पोरगं होतं. नाव घेत नाही. आमच्या दोघांचं दैवत एक, माळेगावचा खंडोबा. त्याच्या मायनं निघताना भंडाऱ्याची पुडी दिली होती, दुरेघी वहीच्या पानात बांधलेली. ती तो डाव्या खिशात ठेवायचा. घामानं पुडी ओली व्हायची आणि खिशाच्या आतल्या कापडाला पिवळा डाग पडायचा. रात्री तोफा थांबल्या की तो पुडी उघडायचा, वाळली का बघायचा आणि परत घडी घालायचा. कितीदा तरी बघितलंय मी त्याला तसं करताना. माझ्याकडं असलं काही नव्हतं. मी तेव्हा फारसा मानतही नव्हतो. टायगर हिल घ्यायच्या आधीचे दिवस होते, जूनचा शेवट. एका रात्री त्यानं बिडीच्या बंडलाचा कागद फाडला, अर्धा भंडारा त्यात घातला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "ठेव. दोघांचा एकच देव हाय, दोघांकडं असूंदे."

तिसऱ्या दिवशी तो गेला.

फायर चालू असताना देव आठवतो का, हे विचारशील तर मला नाही आठवला. गोळा, आम्ही त्याला राउंड म्हणतो, 43 किलोचा. उचलायचा, ट्रेवर ठेवायचा, मागून चार्ज म्हणजे दारू, दार बंद, बाजूला व्हायचं, की पुढचा उचलायचा. हात चालतात, डोकं फक्त आकडे मोजतं. माझ्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते ती तेव्हाची. त्यांचा गोळा आला तो आमच्याच आवाजात ऐकू आला नाही. तुकडा त्याच्या बरगडीखाली लागला. मी त्याला मांडीवर घेतलं. तो देव म्हणाला नाही. माय म्हणाला नाही. मला म्हणाला, "राउंड गेला का?" मी म्हणलो, गेला. त्यानंतर काही बोलला नाही.

2000 च्या जानेवारीत मी सुट्टीवर आलो आणि माझ्या मायसोबत माळेगावच्या यात्रेला गेलो. तिनं नवस केला होता, लेकरू घरी आलं तर त्याच्या वजनाइतकं खोबरं-भंडारा उधळीन. पोतं माझ्या खांद्यावर होतं. देवळाच्या पायऱ्यांपाशी त्याची माय भेटली. तिनंही तोच नवस केला होता हे मला तिथं कळलं. तरी ती आली होती. माझा हात धरून बाजूला घेतलं आणि विचारलं, "शेवटाला देवाचं नाव आलं का रं त्याच्या तोंडात?"

मी म्हणलो, "व्हय माय. येळकोट म्हणला."

तिनं डोळे पुसले. माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि वर निघून गेली.

तिचं बोलणं माझ्या मायनं ऐकलं होतं. "खंडोबानं माझं लेकरू राखलं" असं ती सहा महिने अख्ख्या गावाला सांगायची. त्या दिवशी नवस फेडला, पण ते वाक्य नंतर मरेपर्यंत तिच्या तोंडून मी ऐकलं नाही. आता दोघीही नाहीत, म्हणून लिहितोय.

मी आज खंडोबाला मानतो, मनापासून. दरवर्षी तळी उचलतो. पण देवानं मला वाचवलं असं माझ्या तोंडून निघत नाही. भंडारा त्याच्या खिशातला होता ना.

तुझा भाऊ घाबरला असेल तर घाबरू दे. आम्ही सगळे घाबरायचो. कुंकू मागतोय म्हणजे घरातलं काहीतरी अंगाजवळ हवंय त्याला, मला तरी तेवढंच दिसतंय. आणि आईला सांग. तिच्यापासून कशाला लपवतेस, मायला आवाजावरूनच कळलेलं असतं.

पूर्णा_काठचा

जय भीम. गनर साहेबांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी महार रेजिमेंटचा, परभणी जिल्ह्यातला. दुसरी बाजू यावी म्हणून लिहितो. आमची रेजिमेंट 1941 ला उभी राहिली, त्यासाठी बाबासाहेबांनी प्रयत्न केले होते. आमचा जयघोष "बोलो हिंदुस्तान की जय". त्यात कुठल्या देवाचं नाव नाही, आणि त्या जयघोषावर पोरं चढाईला जातात. मी सियाचीनला राहिलोय. तिथं गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमकड्यांनी जास्त माणसं नेली. एकदा दोराला लटकून अर्धा तास काढला. मी कुणाला वाचव म्हणालो नाही. मनात "बुद्धं सरणं गच्छामि" चालू होतं, पण ते मागणं नव्हतं, श्वास ताळ्यावर ठेवायला होतं. मरण समोर आलं की प्रत्येकजण देव मागतोच, असं कुणी म्हणू लागलं की मला राग येतो. आमच्या धीराचं श्रेय दुसऱ्याच कुणाला तरी दिल्यासारखं होतं ते.

तरीही खरं ते सांगतो. ओपी बाबा म्हणजे सियाचीनचा राखणदार मानला जाणारा एक जवान. वर जाताना त्याच्या ठाण्यावर रिपोर्ट द्यायची तिथली रीत आहे, उतरल्यावर पुन्हा. मीही दोन्ही वेळा कडक सलाम ठोकला. माझ्यासाठी तो देव नव्हता, पुढं गेलेला जवान होता.

योगेश्वरीचं_माहेर

काका, दादा, काय लिहू. तुमचं उत्तर मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना म्हणाली, "उद्या पहाटेच्या एसटीनं जाते तुळजापूरला. कवडी मीच निवडून आणीन." काका, पाठवायचं कसं? पार्सलात कुंकू सांडणार नाही ना?

निवृत्त_गनर

कागदात बांधू नको. औषधाच्या गोळ्यांची छोटी प्लॅस्टिकची डबी धुऊन वाळव, त्यात कुंकू भर आणि झाकणाला चिकटपट्टीचे दोन वेढे दे. कवडीला बारीक भोक पाडून घे, म्हणजे गळ्यातल्या ओळखपट्टीच्या दोरीत ओवता येईल. पत्ता त्यानं दिलाय तसाच लिही, नंबर, नाव, युनिट, द्वारा 56 एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस. गावाचं नाव टाकायचं नाही. आईच्या हातच्या दोन ओळी असल्या तर त्याही घाल.

आणि कवड्या दोन पाठव.