प्रतिसाद : ओबद्यावरील भाष्ये कुठे आहेत?

लोगोस या बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रंथांचा संच विकत घेऊनही बायबलच्या जुन्या करारातील ओबद्याच्या पुस्तकावर एकही भाष्य सापडत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते भाष्ये आपल्याकडे आहेत, शोधण्याची जागा तेवढी बदलावी लागेल. लायब्ररीच्या खिडकीत प्रामुख्याने ग्रंथनाम, लेखक, विषय अशा नोंदी तपासल्या जातात. ओबद्याचा एकच अध्याय आणि त्यात २१ वचने, त्यामुळे त्याच्यावरील विवेचन बहुधा बारा लघु संदेष्ट्यांच्या (जुन्या करारातील बारा छोट्या पुस्तकांच्या) खंडात समाविष्ट केलेले असते आणि मुखपृष्ठावर त्याचे नाव येतच नाही. बायबलचे भाष्यकार मॅथ्यू हेन्री यांच्या सहा खंडांच्या भाष्यात तो यशया ते मलाखी या चौथ्या खंडात आहे. म्हणून ग्रंथनामाऐवजी लोगोसमधील ‘पॅसेज गाईड’ हे साधन उघडून तेथे ओबद्याचे वचन द्यावे, म्हणजे त्या वचनावर भाष्य करणारे आपल्या संग्रहातील ग्रंथ, त्यांचे नाव काहीही असो, एकत्र दिसतील.

सोलापुरात आमच्या अभ्यासवर्गात आम्ही उपयुक्त खंडांना स्वतःचा टॅग लावून ठेवतो. हे काम कंटाळवाणे खरे, पण प्रवचनाच्या आदल्या रात्री शोधाशोध उरत नाही. आणखी संच घेण्याची घाई मात्र करू नये.